घनसावंगीला गेलेला केक

विमलताई साळवे केकला अहो-जाहो करतात.

"हळू बोल गं, आत ते मुरून राह्यले," असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा घरात कुणी म्हातारं माणूस आजारी असेल आणि मीच नीट ऐकलं नसेल, असं मला वाटलं. चपला काढून मी दबक्या पावलांनी आत गेले. ताईंनी फ्रिजचं दार उघडलं. आत परातीएवढा केक दुधात बसला होता.

मी अंबडच्या कोर्टात टायपिस्ट आहे आणि विमलताईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच आहे. पायाला भिंगरी. मी त्यांना बसून चहा पिताना पाहिलेलं नाही. कप हातात घेऊन गल्लीत फिरायचं, याच्या नळाचं पाणी बंद कर, त्याच्या पोराचा शर्ट खोच, आणि चहा कुणाच्या तरी ओट्यावर विसरून यायचा. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "येळच न्हाई मिळाला बाई."

अशा बाईनं छंद कोणता धरावा? तर ज्याची रात्रभर वाट पाहायची असा केक. तीन थर. प्रत्येक थराला स्वेटर विणायच्या सुईनं भोकं पाडायची, त्यात आटवलेलं दूध, साय आणि डब्यातलं घट्ट गोड दूध सोडायचं, वेलची-केशर टाकायचं, आणि मग हात लावायचा नाही. हे शेवटचं ताईंना जमत नाही. दर थोड्या वेळानं फ्रिज उघडून त्या आत वाकतात. दूधवाल्यानं हॉर्न वाजवला की बाहेर धावतात, "बंद कर ते! बिलकुल झोप मोडतो त्यांची!"

सण कुणाचाही असो, केक होतोच. जयंतीला त्यांनी निळं क्रीम लावलं आणि दोन दिवस गल्लीतली पोरं निळ्या जिभा काढून हिंडत होती. नाताळला मी म्हटलं, "ताई, आपल्या गल्लीत ख्रिश्चन कुणी नाही." तर म्हणाल्या, "मंग सणानं काय करावं? परत जावं?" आणि विजेच्या खांबावर चढलेल्या वायरमनला खाली उतरवून त्याच्या हातात बशी दिली. स्वतः मात्र खात नाहीत, शुगर आहे. चव माझ्याकडून घेतात. घास गिळायच्या आत "बोल! मधला थर कसा हाय? बोल जल्दी!"

या केकचं मूळ शेजारच्या शबानात आहे. रऊफभाई टेलर यांची ही एकुलती एक मुलगी. ती अंगणवाडीत होती तेव्हा तिची आई वारली. रऊफभाईंना शिवणकाम यायचं, पण वेणी घालता येईना, म्हणून सकाळी वेणीला ती ताईंकडे यायची, आणि वेणी होईपर्यंत दुधात खारी बुडवून खायची. मोठी झाल्यावर तिनं फोनवर हा केक पाहिला आणि म्हणाली, "ताई, ये तो अपनी खारीच है!" मग दोघींनी ओव्हन घेतला. पहिले कितीतरी केक दूधवाल्याच्या म्हशीनं खाल्ले.

मागच्या हिवाळ्यात शबानाचं लग्न झालं. सासर घनसावंगी. पहिली ईद सासरी करायची असते, म्हणून रऊफभाई रमजानमध्येच कपडे-मिठाई देऊन आले. "मैं सब पहुंचा के आया, ताई," त्यांनी सांगितलं.

"केक?" ताई म्हणाल्या.

ईदच्या सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "चल. ते मुरले."

मोठ्या स्टीलच्या डब्यात केक, डब्याभोवती ओला टॉवेल, आणि डबा मांडीवर. जीपवाला म्हणाला, "बाई, डबा टपावर टाकू का?"

"तुझ्या मायला टपावर बसवतो का?"

जीपवाल्यानं समोरची सीट दिली. रस्ताभर गाडी ताईंनीच चालवली म्हणायची. "खड्डा! अरे खड्डा हाय! डावीकडून घे! ब्रेक हळू दाब, आत तीन थर हायेत!" ऊन चढत होतं. एका वळणावर डबा कलला आणि झाकणातून दूध निसटून शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांच्या धोतरावर आलं. आता भांडण होणार, म्हणून मी डोळे मिटले. आजोबांनी बोट लावून चाटलं. "बासुंदी हाय का?"

"केक हाय," ताई म्हणाल्या, आणि उरलेल्या रस्त्यात टॉवेलवरून डबा नुसता चाचपत राहिल्या.

शबानाच्या सासरी अंगणात चादरी अंथरल्या होत्या, पाहुण्यांची ये-जा चालली होती. आम्हाला बसवलं, सरबत दिलं. शेजारी बसलेल्या एका बाईनं अगदी सहज विचारलं, "आप दुल्हन की कौन लगती हैं?"

विमलताईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आमदाराला सभेत गप्प बसवणारी ही बाई, तिला शब्द सापडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शेजारी," त्या हळूच म्हणाल्या. "बाजूला घर हाय आमचं."

"अच्छा, अच्छा," म्हणत ती बाई दुसरीकडे वळली.

ताईंनी डब्याचं झाकण उघडलं. वरचा थर घसरून एका कडेला गेला होता, मधल्याचे दोन तुकडे झाले होते, आणि बदाम-पिस्ते दुधात पोहत होते. ताईंनी झटकन झाकण लावलं. "चल गं. शेवटची गाडी जाईल." तेव्हा दुपारसुद्धा झाली नव्हती.

त्या उठल्या तेवढ्यात शबाना स्वयंपाकघरातून आली. नव्या कपड्यांवर पीठ सांडलेलं. तिनं सलाम केला नाही, कशा आहात विचारलं नाही. डबा ताईंच्या हातातून ओढून घेतला, झाकण बाजूला टाकलं, आणि उभ्या उभ्या हातानं मोठा घास तोडून तोंडात कोंबला. दूध मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"इलायची ज्यादा हो गई, ताई."

"ज्यादा कशानं? बराबर हाय!"

"ज्यादा है. मैं नहीं थी ना चखने को."

"तू न्हाईस तर मी काय करू मंग? हिला काय कळतंय?" ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. दोघी भरल्या अंगणात वेलचीवरून भांडायला लागल्या. शबानाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण भांडण तिनं सोडलं नाही.

केक अंगणात वाटला गेला, चमच्यांनी, कारण सुरीनं कापण्यासारखा तो राहिलाच नव्हता. निघताना शबानाची सासू बाहेर आली. थोराड, कमी बोलणारी बाई. तिनं आमचा डबा धुऊन, शीरखुर्म्यानं भरून आणला होता.

"लीजिए, समधनजी. खाली डिब्बा कैसे भेजूं?"

विमलताईंनी मागे वळून पाहिलं, ती कुणाला हाक मारतेय म्हणून. मागे भिंत होती. मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून डबा घेतला.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर होतो. गाडी खड्ड्यांतून जोरात चालली होती, आणि ड्रायव्हरला आता कुणी काही सांगत नव्हतं. बऱ्याच वेळानं ताईंनी माझ्या कानाशी वाकून विचारलं, "समधन म्हणजे विहीणच ना गं?"

"हो."

समोर मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाईला शीरखुर्म्याचा वास आला असावा. "कुठून आल्या, बाई?" तिनं विचारलं.

"घनसावंगीहून," ताई म्हणाल्या. पदर नीट केला. मग त्या बाईनं पुढं काही विचारलंही नव्हतं, तरी म्हणाल्या, "विहिणीकडं गेल्ते."