पाचवी सवारी

आमच्या ग्वाल्हेरच्या नया बाजारातले जगदाळे नाना कुठल्याही तांग्यात बसण्याआधी घोड्याचे खूर बघायचे. मग लग्नाला निघालेले असोत की मयतीला. वऱ्हाड खोळंबलंय, मुहूर्त टळतोय, आणि नाना रस्त्यात वाकून घोड्याचा पाय हातात धरून नाल चाचपताहेत. माझ्या दिराच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला तांग्यातून खाली उतरवलं, कारण काय, तर तांग्याच्या कंदिलाची काच फुटकी. भर दुपार होती हो.

नाना तांग्यांचे इन्स्पेक्टर होते. घोडा लंगडतोय का, चाक डुगडुगतंय का, चारापेक्षा जास्त सवाऱ्या, म्हणजे माणसं, भरल्यात का, हे बघायचं आणि मगच परवाना द्यायचा. घराणं फौजी. पणजोबा दक्खनेतून घोड्यावर बसून आले, आणि पणतू जन्मभर घोड्याच्या पायाशी वाकला. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. तांगेवाले वैतागून म्हणायचे, "साब, तांगा मेरा, घोड़ा मेरा, आप बीच में कौन?" नानांचं उत्तर ठरलेलं, "तांगा तेरा, घोड़ा तेरा. सवारी मेरी."

संस्थान गेलं, मध्यभारत आला. शिक्के बदलले, बिल्ले बदलले, राजधानी सहा महिने इथं नि सहा महिने इंदूरला अशी माहेरवाशिणीसारखी ये-जा करायला लागली. तांगेवाल्यांना वाटलं, आता नवं राज्य, पाच सवाऱ्या चालतील. नाना म्हणाले, "सरकार बदललं म्हणून घोड्याला पाचवा पाय फुटला का?"

इथवर मीही हसत होते. पण मग त्यांनी माझ्या लेकीला, शालूला, उतरवलं.

मी स्वतः अक्षरं शिकले ती पुड्यांच्या कागदांवरून. शालूनं शाळेत जावं म्हणून सासूबाईंची दोन वर्षं मनधरणी केली. त्यांची अट एकच, पोरगी पडद्याच्या तांग्यातून जाईल, नाहीतर घरात बसेल. किला गेटचा रमजानी आमच्या आळीतल्या पाच मुली न्यायचा. नानांनी चौकात तांगा थांबवला.

"साब, बच्चियाँ हैं. फूल जैसी," रमजानी म्हणाला.

"फूल है तो गिरेगा नहीं क्या?" म्हणत त्यांनी शालूला खाली घेतलं आणि घरी आणून सोडलं.

मी दारातच भांडले. "पाच पोरी मिळून तीन बायकांचं वजन नाही, नाना. राहू द्या ना."

"वजनाचं नाही, वहिनी. पाचवी टोकाला बसते, पाय बाहेर सोडून. आज कोण बसली होती, विचारा."

शालू खाली बघायला लागली. मी तिला हाताला धरून आत घेतलं. पण रमजानी दुसरी फेरी करेना, त्याला कचेरीच्या सवाऱ्या असत. म्हणजे शाळा संपलीच. दिवसभर मी भांडी जरा जोरातच घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दारात, खाकी कोट, बिल्ला, शिट्टी. "पाचवी सवारी तयार आहे का? मी चालत पोचवतो."

मला वाटलं, सासूबाई कसल्या ऐकतात. तर त्या म्हणाल्या, "जगदाळ्याबरोबर ना? जाऊ दे. त्याच्यापुढे बैलसुद्धा डावीकडून चालतात."

मग रोज तेच. आधी वाकून शालूच्या चपला बघायच्या, "नाल ठीक," म्हणायचं, आणि निघायचं. तिला आतल्या बाजूला ठेवून स्वतः गाड्यांच्या बाजूनं चालायचे. चौकात शिट्टी फुंकून सगळी रहदारी थांबवायचे. शाळेत मुली चिडवायच्या, "शालू, तेरा घोड़ा आ गया." शालू रडायची, तरी जायची.

पुढं मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश झाला, कागदपत्रं पेट्यांत बांधून भोपाळला निघाली. नानांना बढतीचा हुकूम आला. भोपाळ, मोठी जागा, राहायला सरकारी क्वार्टर. इथली जागा बंद होणार होती. जन्मभर बढतीसाठी कुरकुरणारा माणूस, पण त्यांनी चक्क नकार दिला आणि मुदतीआधी पेन्शन घेतली. आळीत सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला ग्वाल्हेरचे घोडे सोडवत नाहीत. मीही तेच म्हणाले.

आमचे हे नानांच्याच कचेरीत कारकून. पेट्या बांधताना नानांचा अर्ज त्यांच्या हाती लागला. जेवताना पानाकडे बघतच म्हणाले, "नकाराचं कारण लिहिलंय त्यांनी. एक सवारी पोचवणे बाकी आहे. मॅट्रिकला दोन वर्षे."

माझा घास हातातच राहिला.

सकाळी दाराशी गेले तर नाना आलेले होते. कोटावर बिल्ला नव्हता, पिनेची दोन भोकं तेवढी दिसत होती. वाकून शालूच्या चपला बघत होते.

"वहिनी, अंगठा सैल आहे. ही सवारी आज पास नाही."

मी आत जाऊन दाभण-दोरा आणला आणि उंबऱ्यावर बसून अंगठा शिवला. नीट, दोनदा. नाना शिट्टी हातात धरून उभे होते.

"आता बघा," मी म्हटलं.

ते पुन्हा वाकले.