वारसदाराचा नंबर

सॉफ्टवेअर निवडायला अक्कल लागते आणि ती माझ्याकडे आहे! हे मी आजही छातीठोकपणे सांगतो, फक्त आता ऐकायला कोणी थांबत नाही.

घाटकोपरला एका पोळीभाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमची महिला पतसंस्था आहे. गोवंडीच्या गल्ल्यांमधल्या बायका आमच्याकडे दर आठवड्याला थोडेथोडे पैसे टाकतात, पाच-पाचजणींचा गट करून छोटी कर्जं घेतात आणि, कमाल म्हणजे, ती फेडतातही. मी तिथला मॅनेजर, भीमराज. माझ्या वर अध्यक्षा सुगंधाताई. माझ्या खाली शकु, जी वसुलीसाठी वस्तीत फिरते. कोण कोणाच्या खाली आहे याबद्दल शकुचं मत वेगळं आहे, पण ते राहू दे.

सगळा कारभार हाताने चालायचा. मग ऑडिटरसाहेबांनी डोळे वटारले आणि कॉम्प्युटरवर या म्हणाले. सुगंधाताईंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"भीमराज, माका ह्यातला काय कळणा नाय. तुका झेपतला मां?"

"ताई, फक्त एक महिना द्या! संस्था अशी चकाचक करतो की मोठमोठ्या बँकांचे लोक बघायला येतील!"

बँकांचे लोक आले नाहीत. दुसरेच लोक आले. त्यांच्याकडे येतोच.

मी तीन कंपन्यांना बोलावलं. पहिल्या कंपनीच्या माणसाने डॉलर आणि दिरहॅममध्ये खाती कशी ठेवायची ते दाखवलं. मी म्हटलं, आमच्या बायका दिरहॅममध्ये बचत करत नाहीत. तो म्हणाला, "उद्या करायला लागल्या तर?" दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर स्वस्त होतं, पण डेमो चालू असतानाच बंद पडलं आणि तो माणूस आमच्या वायरिंगला नावं ठेवायला लागला. तिसरा आला देवेश. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं आणि बरोबर अर्धा किलो ढोकळा.

"सर, तुम्ही झोपा, हे काम करणार! मेंबरला आपोआप मेसेज जाणार, पैसे काढताना मोबाइलवर ओटीपी जाणार. नंबरशिवाय कोण आत येऊच शकत नाही. एकदम झकास सिक्युरिटी!"

मी गुणांचा तक्ता केला होता. सुगंधाताईंनी तक्ता बघितला नाही, ढोकळा बघितला. तरीही निवड माझीच होती, हे नोंदवून ठेवतो.

खरी कटकट माहिती भरताना सुरू झाली. प्रत्येक सदस्याचा मोबाइल नंबर टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकेना, आणि एक नंबर दोनदा टाकला की लाल अक्षरांत अंगावर येई. आता आमच्याकडची गंमत ऐका. निम्म्या गोवंडीने शकुचा नंबर दिलेला! उरलेल्यांनी आपापल्या गटप्रमुख बाईचा. शकुचा नंबर इतक्या जणींच्या नावापुढे होता की सॉफ्टवेअरच्या दृष्टीने शकु ही बाई नसून एक गाव होतं.

मला वाटलं, हा आळस आहे. बायकांना स्वतःचा नंबर पाठ नसतो, म्हणून दिला शेजारणीचा. आणि आळसावर उपाय मॅनेजरने नाही काढायचा तर कोणी? रविवारी मी एकटाच ऑफिसात बसलो, सगळे फॉर्म काढले, आणि मला साक्षात्कार झाला. प्रत्येक फॉर्मवर खाली वारसदाराचा रकाना होता. नाव, नातं, मोबाइल नंबर. आमच्या बायका फॉर्ममध्ये बाकी काहीही कोरं सोडतील, पण वारसदार म्हणून नवऱ्याचं नाव आपसूक लिहितात. प्रत्येकीचा नवरा वेगळा, म्हणजे प्रत्येक नंबर वेगळा!

संध्याकाळपर्यंत सगळे नंबर भरून टाकले. कोणाला फोन केला नाही, कोणाला त्रास दिला नाही. मधे चहासुद्धा घेतला नाही. घेतला असता तर निदान तेवढ्या वेळात चारदोन संसार वाचले असते.

सोमवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला आणि सुगंधाताईंच्या हस्ते बटण दाबलं. सॉफ्टवेअरने कामाला लागून पहिली गोष्ट कोणती केली असेल? सगळ्यांना एकदम मेसेज! "प्रिय सदस्य, आपल्या बचत खात्यात इतके इतके रुपये शिल्लक आहेत. आपल्या प्रगतीबद्दल हार्दिक अभिनंदन!"

पाऊण तासात जिना वाजायला लागला. मला वाटलं, पेढे घेऊन आले असतील.

"कोण मॅनेजर?" पहिला माणूस दारातूनच ओरडला. "कसलं अभिनंदन करता माझं? माझं तर खातंच नाय इथे!"

"तुमच्या मिसेसचं आहे ना!" मी अभिमानाने म्हणालो. "चांगली बचत केलीय हं त्यांनी!"

त्याचा चेहरा बघून मी खुर्ची जरा मागे घेतली. त्याच्यामागून आणखी आले. एक जण म्हणाला, त्याने बायकोकडे मोबाइल दुरुस्तीला पैसे मागितले तेव्हा तिने त्याला देवाची शपथ घेऊन नाही म्हणून सांगितलं होतं. एक जण सासऱ्यांना घेऊन आला होता. एक म्हातारा नुसताच मेसेज दाखवत उभा होता. त्याला वाटत होतं की त्याला लॉटरी लागली. आणि एक शहाणा हळूच वाकून माझ्या कानात म्हणाला, "सर, मला पण एक खातं उघडून द्या ना. बायकोला मेसेज नको जायला." वस्तीत एका नवऱ्याने मात्र ही फसवणूक आहे असं समजून मेसेज पुसून टाकला. त्याच्या बायकोइतकी सुखी बाई त्या दिवशी गोवंडीत दुसरी नव्हती.

दुपारी शकु आली. चप्पल न काढता आत आली, तेव्हाच मी ओळखलं.

"सर, कोणाचे नंबर टाकले तुम्ही?"

"वारसदारांचे. का?"

"अहो, तो मेल्यावर लागणारा नंबर! जित्तेपणी कशाला लावला?" ती मटकन बसली. "वाट लावली सगळ्यांची! या बायका घरी न सांगता पैसे टाकतात. घरी कळलं की पैसा राहतो होय? म्हणून तर माझा नंबर देतात ना!"

"मग हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला काय सांगणार? तुम्ही पण कोणाचे तरी नवरेच ना!"

मी सुगंधाताईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्या संस्थेत माहीत नसलेला मी एकटाच.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट झालं. एकीचा हात सुजला होता. जिन्यावर पडले, म्हणाली. मी काही विचारलं नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, आमचे पैसे आत्ताच्या आत्ता द्या. मी खातं उघडलं, रक्कम टाकली, आणि सॉफ्टवेअरने मोठ्या अदबीने सांगितलं की सदस्याच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

सदस्याचा मोबाइल म्हणजे नवऱ्याचा मोबाइल!

मी देवेशला फोन लावला. "अरे, नंबर बदलून दे पटकन!"

"सिंपल आहे सर. नवा नंबर टाका, मग जुन्या नंबरवर ओटीपी जाईल."

"जुना नंबरच तर नको आहे रे!"

"मग कंपनीला अर्ज करा सर. आठ दिवस लागतात. सिक्युरिटी आहे ना!"

या गोंधळात एक बाई कोपऱ्यात शांत उभी होती. मालनताई. एका हॉस्पिटलमध्ये साफसफाईचं काम करतात. सगळ्या गेल्यावर त्या पुढे आल्या.

"जय भीम, सर. माझं आजच व्हायला पाहिजे. माझ्या पोरीचा, तेजलचा, नर्सिंगला नंबर लागलाय. अठ्ठावीस हजार भरायचेत, चार वाजेपर्यंत. नाही भरले तर जागा दुसरीला जाते."

"आणि काशीरामभाऊ?" त्यांच्या नवऱ्याचं नाव फॉर्मवरच होतं.

"रिक्षा चालवतात. काल मेसेज आल्यापासून बोलले नाहीत." त्या पदराशी चाळा करत होत्या. "पोरीचं लग्न करून टाकू म्हणतात ते. म्हणून तर चार वर्षं इथे टाकत होते."

खात्यात एक्केचाळीस हजार होते, स्क्रीनवर स्वच्छ दिसत होते आणि मला ते काढता येत नव्हते. चेकसुद्धा आता सॉफ्टवेअरच छापणार होतं. सुगंधाताईंनी पर्स उलटी केली, त्यातून निघालं ते पुरेसं नव्हतं. माझ्या खात्यात महिनाअखेरीला काय असतं हे सांगायला कुठल्याही सॉफ्टवेअरची गरज नाही.

मी आणि मालनताई मेट्रो स्टेशनखालच्या रिक्षा स्टँडवर गेलो. काशीराम रांगेत पहिलाच होता. मी त्याला वाकून वाकून सांगितलं की बाबा, ऑफिसात चल, तुझ्या फोनवर एक नंबर येईल, तेवढा वाचून दाखव. त्याने बायकोकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बसा." आम्ही बसलो. त्याने मीटर टाकलं!

ऑफिसखाली त्याने मीटरप्रमाणे माझ्याकडून पैसे घेतले, सुट्टे परत दिले आणि मग जिना चढला.

मी ओटीपी पाठवला. त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने तो काढून बघितला आणि मुठीत धरून बसला.

"गाडीच्या पासिंगला मी उसने मागत फिरलो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "सगळ्या स्टँडपुढे हात पसरले. ही म्हणाली, घरात दहा रुपये नाहीत. होते ना तेव्हा?"

"होते," मालनताई म्हणाल्या. "तुम्हाला दिले असते तर आज नसते."

मला दोघांची दया आली, आणि त्याहून जास्त घड्याळाची भीती वाटली. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. मी दुसरा पाठवला. काशीराम भिंतीकडे बघत होता.

"पोरीची फी द्या," तो शेवटी म्हणाला. "बाकीचे माझ्या हातात. उसने फेडायचेत."

"खातं ताईंचं आहे," मी म्हणालो. "त्यांनी सांगायला पाहिजे." एवढा बाणेदारपणा माझ्यात होता.

मालनताईंनी घड्याळाकडे बघितलं. "द्या, सर," त्या म्हणाल्या.

काशीरामने आकडे वाचले. एकेक, सावकाश. फीचा चेक निघाला, उरलेल्या पैशांचा दुसरा. शकु फीचा चेक घेऊन तेजलबरोबर कॉलेजला धावली आणि वेळेत पोचली. मला वाटलं, चला, निभावलं! मी अगदी मोठ्या मनाने म्हणालो, "मालनताई, मी अर्ज करून आठ दिवसांत तुमचा स्वतःचा नंबर टाकून घेतो. खातं चालू ठेवा."

"कशाला, सर?"

"म्हणजे पुढच्या बचतीला."

"आता घरी माहीत झालं. विचारून ठेवायचे तर घरीच ठेवीन की." त्यांनी सही केली. "बंद करा खातं."

मी खातं बंद केलं. नवराबायको जिना उतरले. दोन मिनिटांत काशीराम एकटाच परत वर आला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे काय आलं आता?"

मेसेज होता: "प्रिय सदस्य, आपण आम्हाला सोडून जात आहात याचं वाईट वाटतं. आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच चांदण्या द्या."

"सॉफ्टवेअर कसं वाटलं ते विचारतायत," मी म्हणालो.

त्याने विचार केला. खिशातला चेक एकदा चाचपला. मग पाचवर बोट ठेवलं आणि निघून गेला.

संध्याकाळी देवेशचा फोन आला. "सर, आपला पहिला फीडबॅक! पाचपैकी पाच! आमच्या वेबसाइटवर टाकू ना?"

नाही म्हणायची ताकद माझ्यात उरली नव्हती. आज त्या वेबसाइटवर आमच्या संस्थेचं नाव आहे, पाच पिवळ्या चांदण्या आहेत, आणि खाली लिहिलंय: "मालनताई, गोवंडी. अत्यंत समाधानी सदस्य."