वाळवंटातल्या दोन खुर्च्या

कुंपण गेल्याचं भोजराजला दुकानात कळलं. सकाळी तो पितळेच्या गुंडांवरची, म्हणजे पाण्याच्या मोठ्या घागरींवरची, धूळ पुसत होता. आसगावकडचं एक गिऱ्हाईक परात उलटीसुलटी करून बघता बघता म्हणालं, की तुमच्या त्या जागेला आता तार दिसत नाही. खांबही दिसत नाहीत.

"किती खांब नेले?" भोजराजनं विचारलं.

"सारेच. पण गड्डे बराबर बुजवले. पानी मारून चोपले बी."

चोर खड्डे बुजवत नाहीत, आणि बुजवले तरी त्यांवर पाणी मारत नाहीत. भोजराजनं गिऱ्हाइकाला बाहेर यायला लावलं, शटर खाली ओढलं आणि मोटारसायकल काढली. परात गिऱ्हाइकाच्या हातातच राहिली.

ती जागा घेण्याची कल्पना साधनाची, म्हणजे त्याच्या बायकोची. भोजराजला फक्त शांतता हवी होती. भंडाऱ्याच्या त्याच्या दुकानात भांड्यांवर नाव टाकायची मशीन होती, आणि लग्नसराईत ती दिवसभर दातांच्या दवाखान्यासारखा आवाज करायची. रविवारी कुठेतरी जाऊन बसावं, जिथे कसलाच आवाज नसेल, एवढंच त्याचं मागणं. साधनानं थोड्याच दिवसांत जागा शोधली. तिच्या मामाच्या गावी, आसगावच्या पुढे. मामा केव्हाच वारले होते, पण त्यांच्या शेजारच्या बायजाबाईंना दीड एकर विकायचं होतं. साधनाच्या नावावर माहेरच्या शेतीचा वाटा होता, त्यामुळे सातबारा तिच्या नावानं करायला अडचण आली नाही.

भोजराज जमीन पाहायला गेला. आजूबाजूला सगळ्या धानाच्या बांध्या, आणि मध्ये ही लांबच लांब, अरुंद, सपाट पट्टी. गवताची काडी नाही. दगड नाही. उंदराचं बीळसुद्धा नाही.

"इथं काही पिकत काहून नाही?" त्यानं विचारलं.

"तुम्हाले पिकवाचं हाये का बसाचं हाये?" साधना म्हणाली.

त्याला बसायचं होतं. भाव इतका कमी निघाला की घासाघीस करायची त्याची सगळी तयारी वाया गेली. नागपूरला असलेल्या मुलीनं, प्रतिक्षानं, फोटो पाहिला आणि मैत्रिणींना सांगितलं की बाबांनी वाळवंट घेतलं आहे, आता फक्त उंट यायचे आहेत.

रविवारी दोघं जायचे. डब्यात पोळीभाजी, थर्मासमध्ये चहा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. भोजराज डोळे मिटून बसायचा. साधना मात्र डावीकडच्या टोकाकडे बघायची, मग मान फिरवत फिरवत उजव्या टोकापर्यंत जायची, आणि पुन्हा डावीकडे. बघण्यासारखं तिथं काहीही नव्हतं. तिला मानेचा त्रास होता, तेव्हा डॉक्टरनं व्यायाम सांगितला असेल असं भोजराजला वाटलं.

"इथं एक ओटा बांधू," ती म्हणायची. "उंच. तुमच्या छातीएवढा."

"छातीएवढ्या ओट्यावर चढाव कसं?"

"पायऱ्या करू न. पण उंचच पाह्यजे."

सापांच्या भीतीनं म्हणत असेल, अशी त्यानं समजूत करून घेतली. पुढच्या पौषात ती हळदीकुंकू आहे म्हणून एकटीच मामाच्या गावी गेली. तुम्ही दुकान पाहा, म्हणाली. परत आली तेव्हा केसांत धूळ होती आणि घसा पार बसलेला होता. भोजराजनं खोकल्याचं औषध आणून दिलं. हळदीकुंकवात घसा कसा बसला, हे विचारायचं राहून गेलं.

श्रावणात साधना गेली. आजारपण लांबलं नाही.

त्यानंतर भोजराज एकटा जाऊ लागला. खुर्च्या मात्र सवयीनं दोन्ही मांडायचा. दिवाळी झाल्यावर त्यानं जागेला कुंपण घातलं, कडुनिंबाची रोपं लावली, टिनाचं छोटं शेड उभं केलं. तिनं निवडलेली जागा आहे, नीट राखावी, असं त्याच्या मनात होतं. गावातले लोक बांधावर उभे राहून हे बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे आणि निघून जायचे. कोणी एक शब्द बोललं नाही. उलट खांब रोवताना दोघातिघांनी हातही लावला.

आज तो पोचला तेव्हा गावाबाहेर टेम्पोंची रांग लागली होती, आणि प्रत्येक टेम्पोत बैल. काही बैलांच्या अंगावर झुली होत्या. त्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटीनं उभी होती आणि मधली पट्टी झाडून स्वच्छ केलेली होती. शेड जागेवर नव्हतं. ते उचलून कडेला नेलेलं होतं, त्यात लाउडस्पीकरचं सामान होतं आणि बाहेर चहाचं भांडं उकळत होतं. कडुनिंबाची रोपं मातीसकट तेलाच्या डब्यांत बसवून सावलीत ओळीनं ठेवलेली. खांब बायजाबाईंच्या अंगणात रचलेले, तार गुंडाळून सुतळीनं बांधलेली. हरवलेलं काहीच नव्हतं. फक्त कुठलीच वस्तू जिथं होती तिथं नव्हती.

खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक म्हातारा लगबगीनं पुढे आला आणि भोजराजला वाकून नमस्कार केला. हे परसराम, समितीचे अध्यक्ष. भोजराज त्यांना ओळखत होता. खांब रोवताना पहार यांनीच आणून दिली होती.

"हे काय चालून राह्यलं?" भोजराजनं विचारलं.

"पट, जवाईबापू. शंकरपट. बैलाईच्या जोड्या पळते न, तो."

परसरामांनी मग सगळं सांगितलं. त्यांच्या आज्याच्या काळापासून पट याच पट्टीवर भरत आला होता. मधली काही वर्षं तो बंद होता, तेव्हाही इथं कोणी नांगर घातला नाही. इतक्या वर्षांच्या खुरांनी माती अशी दडपली गेली होती की गवताला डोकं वर काढायला जागाच नव्हती. आज आणि उद्या मिळून जोड्या पळणार होत्या, गोंदियाच्या, बालाघाटच्यासुद्धा.

"मंग मी कुंपण घालून राह्यलो होतो तेव्हा सांगतलं काहून नाही?"

"जवायाले कसं सांगाव?" परसराम म्हणाले. "गावच्या भाचीचे तुम्ही मालक. त्यात तुमचा दुखाचा टाइम. आमी म्हटलं, घालू द्या. मांगून काढता येते."

भोजराज म्हणाला, मी पोलिसांकडे जातो. परसरामांनी अदबीनं सांगितलं की पोलीस पाटील माईकवर आहेत, बोलवायचं असेल तर आताच बोलवतो. भोजराज म्हणाला, मला या पटाची काहीच कल्पना नव्हती. तेव्हा परसरामांना खरोखर आश्चर्य वाटलं.

"बक्षिसाच्या गुंडावर नाव तं दरसाली तुमच्याच दुकानात टाकतो न आमी. तुमच्याच हातानं."

ते खरं होतं. मांडवात टेबलावर गुंड ठेवलेला होता आणि त्यावरची अक्षरं भोजराजची होती. दरवर्षी तो ती अक्षरं सुबक यावीत म्हणून जीव लावायचा. पट कुठे भरतो हे विचारायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

आता काय करावं ते त्याला सुचेना. म्हणून त्यानं दर रविवारी करायचा तोच प्रकार केला. शेडमधून मांडवात नेलेल्या आपल्या दोन खुर्च्या ओळखून काढल्या, पट्टीच्या मधोमध नेल्या, शेजारी शेजारी मांडल्या आणि एकीवर बसला.

कोणी त्याला उठ म्हणालं नाही. दुसरा कोणी असता तर खुर्चीसकट उचलून बांधावर ठेवला असता, पण गावच्या जावयाला हात कोण लावणार? थोड्या वेळानं त्याच्यासाठी चहा आला. मग पोहे आले. ऊन चढलं तसा एक जण छत्री घेऊन मागे उभा राहिला. माईकवरून पोलीस पाटलांनी, जागेचे मालक आणि आपल्या गावचे जावई यांना नम्र विनंती केली की त्यांनी जमल्यास थोडं डावीकडे बसावं. भोजराज हलला नाही. डावीकडे तरी बैलच येणार होते.

बालाघाटहून आलेला एक जोडीवाला तावातावानं परसरामांकडे गेला.

"ये बीच में कौन बैठे हैं?"

"दामाद हैं," परसराम म्हणाले.

"अच्छा," तो म्हणाला, आणि परत जाऊन त्यानं बैलांपुढे वैरण टाकली.

सगळा पट असा थांबला होता. माणसं कुरकुरत होती, पण हळू आवाजात. भोजराजला कळत होतं की आपण मोठी अडचण करून ठेवली आहे. पण उठलं की ही जागा गेली, मग रविवारी कुठे जायचं, हेही कळत होतं. घरी साधनाची खुर्ची मांडायला जागा नव्हती. तिथं सगळीकडे तिच्याच वस्तू होत्या.

शेवटी बायजाबाई काठी टेकत आल्या. रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं, पण तिच्यावर बसल्या नाहीत. खाली जमिनीवर बसल्या आणि तंबाखू मळायला घेतली.

"साधनानं तुम्हाले सांगतलं नाही?"

"काय?"

"म्या ही जागा नागपूरच्या एकाले देऊन राह्यली होती. त्याले मुरूम खोदाचा होता. साधनाले माईत झालं तं धावतच आली. म्हणे मावशी, मले दे, पट बंद नाही होऊ देत मी. गावानं म्हटलं, मंग भाव कमी कर हिच्यासाठी. केला म्या."

भोजराजनं चहाचा कप खाली ठेवला.

"मागच्या पौषात आली होती ते?"

"इथंच होती न दोन्ही दिवस. लहान होती तवा मामाच्या खांद्यावर बसून पाहे. आता खांदा कुठून आणाव? गर्दीत टाचा उचलू उचलू वरडे. तिच्या आवडीची जोडी हारली, तरी वरडे."

"मले काहून नाही सांगतलं तिनं?"

"तुम्हाले आवाज खपत नाही म्हणून. म्हणे, सालभर त्याईले शांत बसू देईन, हे दोन दिवस दुकानातच ठेवीन. ओटा झाला का मंग आणीन सोबत."

बराच वेळ भोजराज डावीकडच्या टोकाकडे पाहत राहिला. तिथं दोन जोड्या उभ्या होत्या. मग त्यानं मान फिरवत फिरवत उजव्या टोकापर्यंत नेली. वाटेत पाहण्यासारखं काहीच नव्हतं, पण किती वेगानं मान फिरवावी लागेल ते लक्षात आलं.

"तिची जोडी आज आली हाये?" त्यानं विचारलं.

"आली न. ते पांढरे. तुमच्यासाठीच थांबले हायेत."

भोजराज उठला. त्यानं दोन्ही खुर्च्या उचलल्या. छत्रीवाला मागोमाग चालत आला. माईकवरून त्याचे आभार मानले गेले आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

पहिली जोडी सुटली तेव्हा भोजराजला धूळ दिसली. दुसरी सुटली तेव्हा पुढच्या माणसांची डोकी दिसली आणि एक शेपटी. पांढऱ्यांचा नंबर आला तेव्हा तो आपल्या खुर्चीवर चढला. पांढरे निघाले. तो ओरडला. ते अर्ध्यावर आले तेव्हा खुर्चीचा मागचा पाय दुमडला आणि भोजराज परसरामांच्या अंगावर पडला. परसरामांनी त्याला उभं करून आधी नमस्कार केला आणि मग लागलं का विचारलं. पांढरे हरले होते. भोजराजनं ते पाहिलं नाही, लोकांच्या तोंडून ऐकलं.

साधनाची खुर्ची शाबूत होती. तिच्यावर तो चढला नाही. तिथंच उभं राहून त्यानं आपल्या छातीशी हात आडवा धरला, आणि त्या उंचीवरून काय काय दिसलं असतं याचा अंदाज घेतला. सगळं दिसलं असतं. दोन्ही टोकं.

दुसऱ्या दिवशीही तो आला. घरी गेला तेव्हा आवाज फुटत नव्हता. कपाटात साधनाची औषधाची बाटली होती, निम्मी उरलेली. तिच्यातलं एक झाकण घेतलं. सोमवारी गिऱ्हाईक परात घेऊन परत आलं आणि भाव विचारू लागलं, तेव्हा भोजराजला बोटांनीच सांगावं लागलं.

पट उठल्यावर गावकऱ्यांनी शेड जागेवर आणून ठेवलं, रोपं परत लावली, कुंपण उभं केलं. दोन्ही टोकं मोकळी ठेवा, असं भोजराजनं सांगितलं होतं, तशी ती ठेवली आहेत. रविवारी तो जातो. आता एकच प्लास्टिकची खुर्ची आहे, ती तो मांडतो आणि स्वतः शेडच्या पायरीवर बसतो.

विटा आणून टाकल्या आहेत. ओटा अजून बांधायचा आहे.