मोघ्यांच्या गाडीचं नाक

मोघे आमच्याकडे आले की बूट काढायच्या आधी खिडक्या उघडतात. अगदी जानेवारीतसुद्धा. बाहेर बर्फ, आत नुकतेच वाढलेले पोहे, आणि मोघे एकेक खिडकी सताड उघडत म्हणणार, "आधी हवा, मग बाकी." इथले जर्मन लोक रोज घराला वारा देतात, त्याला लुफ्टेन म्हणतात, हे मला मान्य आहे. पण ते आपापल्या घराला देतात. आम्ही मात्र मोघे येणार असले की कोट घालूनच जेवायला बसतो.

हे गृहस्थ माझ्याबरोबर नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात आहेत. इंजिनाने हवा कुठून घ्यावी, किती घ्यावी, कशी गाळून घ्यावी, यात दिवसभर डोकं घालायचं आणि संध्याकाळी तेच करायला गॅरेजमध्ये जायचं, असा त्यांचा दिनक्रम. गॅरेजमध्ये त्यांची किट कार आहे. म्हणजे सुटे भाग खोक्यांतून मागवायचे आणि गाडी आपण जोडायची. दोन सीट, छप्पर नाही. तिचा एअर फिल्टर बॉनेटच्या आत लपवायचा नाही, बाहेर काढायचा, हे त्यांचं जुनं स्वप्न. "गाडीचं नाक उघड्यावर हवं," ते म्हणत. "तिचा श्वास ऐकू आला पाहिजे." कॅन्टीनमध्ये शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाने हे नाक कागदी रुमालावर काढलेलं पाहिलेलं आहे.

गाडीला घाई होती ती वसुधावहिनींमुळे. इथल्या थंडीत त्यांचा दमा फार बळावला, म्हणून काही वर्षांपूर्वी त्या दापोलीला माहेरी गेल्या, आणि तिथे त्यांना बरं वाटलं. बरं वाटलं हीच पंचाईत झाली. मोघ्यांना पेन्शनपर्यंत इथून हलता येईना आणि वहिनींना इथे राहता येईना. या जुलैमध्ये मात्र त्या यायच्या होत्या. मोघे त्यांना नव्या गाडीतून नेकार नदीच्या काठाने, द्राक्षांच्या मळ्यांमधून फिरवणार होते.

मे महिन्यात फिल्टर बसला. इंजिनाची ठेवणच अशी, की तो उजवीकडे आला, चालकाशेजारच्या सीटच्या बाजूला. चंदेरी, हातभर लांब, खरोखर देखणा. मोघे बराच वेळ नुसते बघत उभे होते. मग मला म्हणाले, "आल्झो, चल तर मग, बस."

मी बसलो. त्यांनी पिशवीतून वहिनींचा जांभळा दुपट्टा काढून माझ्या गळ्यात घातला, आणि उंची जुळावी म्हणून मला सीटमध्ये खाली सरकायला लावलं. अशा अवतारात आमची वरात गल्लीतून निघाली. समोरच्या बाल्कनीतल्या बाई झाडांना पाणी घालायच्या थांबल्या.

"वास येतोय?"

"पेट्रोलचा. अगदी थोडासा."

मोघ्यांनी गाडी बंद केली. "थोडासा म्हणजे येतोय."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते नाक उपटलं. पुढचे कित्येक शनिवार-रविवार खपून त्यांनी इंजिनाच्या अंगावरून एक जाडजूड नळी डावीकडे नेली आणि फिल्टर स्वतःच्या बाजूला काढला. आता गाडी इतकी बेढब दिसू लागली की मला राहवेना. एवढ्या लांब नळीने इंजिनाची ताकद घटते, हे तुम्हीच मला शिकवलंत, असं मी त्यांना ऐकवलं. ऑफिसात रतीभर ताकदीसाठी साहेबांशी भांडणारा हा माणूस म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. घटू दे." सरकारी तपासणीत तपासणाऱ्या माणसानेही नळीकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मोघ्यांनी गंभीरपणे सांगितलं, की शेजारी बसणाऱ्या बाईंची छाती नाजूक आहे. गाडी पास झाली.

आणि जूनच्या शेवटी दापोलीहून फोन आला. डॉक्टरांनी विमानप्रवासाला नको म्हटलं होतं. मला फार वाईट वाटलं. रविवारी गॅरेजवर गेलो, तर मोघे नळीच्या पट्ट्या आवळत होते. काय बोलावं ते कळेना, म्हणून मी भलतंच बोललो. "आता फिल्टर परत उजवीकडे घ्या. निदान तुमची हौस तरी होईल."

मोघे फडक्याला हात पुसत राहिले.

"मग तिने कुठे बसायचं?" ते म्हणाले.

त्यांनी पिशवीतून दुपट्टा काढला. मी निमूटपणे तो घेतला, गाडीत बसलो आणि न सांगता खाली सरकलो.

नदीकाठचा रस्ता रिकामा होता. दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे, आणि मोघ्यांच्या कोपरापाशी ते नाक फुसफुसत होतं. कशी वाटते गाडी, असं एरवी त्यांनी दहादा विचारलं असतं, आज मात्र त्यांचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. एका वळणावर दुपट्ट्याचं टोक वाऱ्याने उडायला लागलं, तशी त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता उजव्या हाताने ते धरलं आणि माझ्या सीटच्या पट्ट्याखाली नीट खोचलं. हाताला सवय होती ती.

"वास येतोय?" त्यांनी हळूच विचारलं. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"नाही हो," मी म्हणालो. "अजिबात नाही. मोकळं वाटतंय."

मोघ्यांनी मान डोलावली. घराकडे वळायचा रस्ता आला, तो त्यांनी सोडून दिला.