मैमुनाआपांच्या ओट्यावरची रांगोळी

"रांगोळीत आपला हात धरणारा अख्ख्या खालापूर तालुक्यात सापडायचा नाय!" दशरथमास्तरांनी सकाळच्या चहाबरोबर जाहीर केलं.

शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. चौक गावात लग्न असो की बारसं, रांगोळी मास्तरांचीच. पण आजचं कारण खास होतं. शेजारच्या मैमुनाआपा मक्केची उमरा यात्रा करून दुपारी परत येणार होत्या. मास्तरांचा पाय मोडला तेव्हा याच आपांनी दीड महिना रोज गरमागरम पाया सूप पाठवलं होतं. मास्तरांनी त्याचे आभार कधी मानले नाहीत. तोंडानं बोलणं त्यांना जमायचंच नाही, जे काय असेल ते रंगात!

आपांचा मुलगा इर्शाद आणि सून पहाटेच विमानतळावर गेले होते. किल्ली सोनाबाईंकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे.

"मोर काढा, कमळ काढा," सोनाबाई म्हणाल्या. "जे कळतं ते काढा."

"मोर कुणीपण काढंल! मी त्यांच्या देवाचं नाव काढणार."

आपांच्या हॉलमध्ये मुंबईच्या कुठल्याशा मिठाईवाल्याचं उर्दू कॅलेंडर होतं. त्यावर सोनेरी अक्षरांत 'बिस्मिल्लाह' लिहिलेलं. मास्तरांनी मोबाइलवर फोटो काढला आणि दारात बैठक मारली. मधोमध ते सोनेरी नाव. भोवती किनार हवी, म्हणून कॅलेंडरच्या तळाची वळणदार ओळ उचलून अकरा वेळा काढली. काढत काढत मागे सरकले, ते थेट पायरीपर्यंत. उंबऱ्यापासून पायरीपर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ओटा नुसता झळकत होता!

दोन वाजता गाडी आली. गल्ली गोळा झाली. आपा उतरल्या, गळाभेटी झाल्या, आणि त्यांनी पायरीवरून ओट्याकडे एक पाय उचलला. तो उचललेलाच राहिला! खाचरातल्या बगळ्यासारख्या आपा एका पायावर उभ्या.

"या अल्लाह!"

मास्तरांना वाटलं, कौतुक! त्यांनी नम्रपणे मान झुकवली.

"सर," इर्शाद हळूच म्हणाला. तो मास्तरांचाच विद्यार्थी. "अल्लाहचं नाव आहे. आम्ही त्यावर पाय कसा ठेवणार?"

मास्तरांच्या चेहऱ्यावरचे सगळे रंग एका झटक्यात उतरले.

"मागच्या दारानं जा की!" गर्दीतून कुणीतरी सुचवलं.

"त्याला आतून कडी हाय," सोनाबाई म्हणाल्या.

"मग उडी मारा!"

"नावावरून उडी मारायची? छे!" इर्शाद म्हणाला.

मास्तर धावत जाऊन झाडू घेऊन आले. त्याबरोबर इर्शाद, त्याची बायको आणि वरच्या आळीतले दोन म्हातारे एका सुरात ओरडले, "झाडू नको!" मास्तर झाडू उगारून तसेच थिजले. पुढे जावं तर पाप, मागे जावं तर गल्लीभर लोक!

हजारो मैलांचा प्रवास करून आलेली सत्तर वर्षांची बाई, पाय सुजलेले, आणि स्वतःच्या घरात शिरता येईना. कुणामुळे? मास्तरांना वाटलं, ओटा दुभंगावा आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण ओट्यावर पाय ठेवायचीही सोय नव्हती!

"मास्तर, तुमच्या घरात घेता का मला?" आपा म्हणाल्या. "नमाजाची वेळ चाललीय."

सोनाबाईंनी टीव्ही बंद केला, पलंग सरकवला, लादी दोनदा पुसली. आपांनी हात-पाय धुतले आणि मास्तरांच्या बैठकीत पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढला. मास्तर दाराबाहेर उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

नमाज आटोपून आपा बाहेर आल्या.

"आपा, चुकलो," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच त्यांना तोंडानं बोलणं जमलं.

"अवो, चुकलात कुठं? ठाऊक नव्हतं. हे नाव नेहमी वर असावं मास्तर, डोक्याच्या वर, भिंतीवर. पाय पडंल तिथं नाय, कचऱ्यात जाईल तिथं नाय."

"मग आता?"

"हातानं गोळा करायचं. स्वच्छ कपड्यात घ्यायचं आन् वाहत्या पाण्यात सोडायचं."

सोनाबाईंनी आतून मास्तरांची सत्काराची रेशमी शाल आणली. "आजवर एकदापण पांघरली नाय. आज कामाला आली."

मास्तर पायरीवर बसून ओंजळीनं रंग भरू लागले. आपाही सुजलेल्या पायांनी शेजारी टेकल्या. त्यांनी चष्मा लावला, किनारीवर वाकल्या, बोट ठेवून वाचू लागल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मास्तर घाबरले. आपा रडतायत!

"मास्तर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ही किनार तुमी कुठून घेतली?"

"कॅलेंडरवरून. तेपण पवित्र आहे ना?"

"लिवलंय, आमची कुठंच शाखा नाय!"

आधी इर्शाद फुटला, मग सोनाबाई, मग अख्खी गल्ली. मिठाईवाल्याची ती घोषणा मास्तरांनी अकरा वेळा, सुबक अक्षरात काढली होती!

"हिला झाडू चालंल," आपा म्हणाल्या. मग आपांनी प्रत्येकाला खजूर दिले, मास्तरांना दोन जास्त. संध्याकाळी इर्शाद आणि मास्तर गाडीनं पाताळगंगेवर गेले. गुडघाभर पाण्यात उतरून दोघांनी शाल उलगडली. सोनेरी रंग क्षणभर पाण्यावर तरंगला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आपांनीच हाक मारली. "मास्तर, दारावर रंगानं लिवून देता? वर, उंच."

मास्तर हात-पाय धुऊन, नवा ब्रश घेऊन शिडीवर चढले. मोबाइल सोनाबाईंकडे दिला. "बघून नको. पाठ झालंय आता!"

पहिलं अक्षर त्यांनी झोकात ओढलं आणि वर ठिपका दिला.

"खाली!" आपा खालून म्हणाल्या. "ठिपका अक्षराच्या खाली येतो. पुसा ते."

बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारलेल्या मास्तरांनी मुकाट्यानं ठिपका पुसला, खाली नवा दिला आणि शिडीवरूनच मान वळवून विचारलं, "आता बरोबर आहे का, बाई?"