बदकांच्या गाण्यावरील स्वारी

तमाम लहानथोरांस जाहीर व्हावे. चष्म्यांचे दुकानदार काकासाहेब यांनी तालाच्या खेळात बाराचा दर्जा कैसा सर केला, ती हकीकत घरच्या मंडळींस कायम ठाऊक असावी, म्हणोन पदरचे काही न घालता लिहिले आहे. घातलेच असेल तर किंचित.

खेळ ऐसा की, मोबाइलवर गाणे वाजावे, वरोन ठिपके गळावे आणि तालावर नेमके बोट मारावे. कायदा ऐसा की, ज्याची उत्तम वठलेली वीस गाणी, त्यांची सरासरी तो त्याचा दर्जा, आणि बारा भरले म्हणजे नाव सोनेरी व्हावे. काकासाहेब ११.९९ वर अडकले, आणि पुतणी १२.०४ चे सोनेरी नाव मिरवीत समोर बसे आणि "काका, तुमचं अजून करडंच का हो?" ऐसे रोज पुसे. हे काकासाहेबांचे काळजास फार लागले.

मग मसलत जाहली. बदकांच्या ओरडण्याचे एक गाणे होते, ऐकण्यास भिकार, खेळण्यास सोपे, परंतु खेळ बनविणारांनी चुकोन अवघड गाण्यांत घातलेले, सबब गुण दांडगे. तमाम खेळाडू आवडीची गाणी टाकोन बदकांवरच तुटोन पडले होते. त्यात वार्ता आली की रविवारी चार वाजता चूक दुरुस्त होणार, आधीचे गुण कायम, पुढे बदकांस भाव नाही. मग काकासाहेबांनी गिऱ्हाइकाचे नाकावर तपासणीची जड चौकट चढवोन "खालची ओळ वाचा" म्हणोन हुकूम करावा आणि टेबलाखाली बदके हाणावी, आणि एक ठिपका हुकला की गाणे रद्द करोन पुन्हा आरंभ करावा. ऐसे अकरा दिवस चालले. दुकानात नि घरात गाण्याची पहिली वीस सेकंदे तेवढी ऐकू येत, आणि गिऱ्हाइके तीच ओळ वाचोन हैराण जाहली.

रविवारी पावणेचारास जेवणाचे टेबलावर अखेरची स्वारी निघाली. काकूसाहेब शेजारी मटार सोलीत होत्या, पुतणी समोर बसली होती. तिसरेच सेकंदास ठिपका हुकला, आणि अंगठा रद्द करण्यास धावला, तो काकूसाहेबांनी मनगट धरोन फर्मान सोडिले, "खबरदार पुन्हा लावाल तर! अकरा दिवस बदकं नुसती येतायत. पुढं जातात कुठं, ते आज मला कळलंच पाहिजे."

या झटापटीत आणखी दोन ठिपके गेले. काकासाहेबांनी सोनेरी नावाची आशा सोडिली आणि हुकूम म्हणोन खेळत राहिले, आणि आशाच नसल्याने हात मोकळा चालला, आणि विसाव्या सेकंदापुढील अनोळखी मुलूख पार करोन शेवटास पोचले. तेथे एकच बदक एकदा ओरडले आणि गाणे संपले.

"एवढंच?" म्हणोन काकूसाहेब हसोन हसोन बेजार जाहल्या, तो पडद्यावर १२.०० उमटले आणि नाव सोनेरी जाहले.

"तीन चुका चालतात, हे आधी का नाही सांगितलंस?" काकासाहेब पुतणीवर कडाडले.

"तुम्ही शेवटपर्यंत कधी गेलात, म्हणून सांगू?"

येणेप्रमाणे चारास बारा मिनिटे कमी असता बाराचा दर्जा फत्ते जाहला. ही फत्ते काकूसाहेबांचे नावे लिहावी, ऐसा खुद्द काकासाहेबांचा हुकूम आहे. तो आम्हांस काकूसाहेबांनी कळविला.