रथशाळा केवढी असावी, याविषयीची हकीकत

श्री. ज्याचे नाव आरंभी घेतले असता अडलेले चाक फिरते, त्या गजाननास नमन करून मजकूर लिहितो ऐसा जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र मासी या गोष्टीस आरंभ जाहला. संवत्सराने आपले नाव कैसे खरे केले आणि मग कैसे खोटे पाडिले, ते श्रवण करावे.

कोणे एके राज्यी रंभाजीराव नामे राजे राज्य करीत होते. राज्य थोरले नव्हे. पुढे फाटक, मध्ये राजमंदिर, मागे परसू, इतकाच मुलूख. परंतु राजांचा शौक थोर. त्या मुलखी मोटारीस रथ म्हणत, आणि जुने मोडके रथ आणावे, खोलावे, पुन्हा जोडून पळवावे, याचे राजांस मोठे वेड. पैकी आणणे आणि खोलणे राजांस उत्तम साधे. जोडणे तेवढे राहून जाई. ऐसे तीन रथ परसात खोललेले पडिले होते, एक तांबडा, एक काळा, आणि एक ज्याचा रंग सांगणे आता कोणास शक्य नव्हते. पावसाळ्यात त्यांवर ताडपत्री, उन्हाळ्यात मांजरे. मग राजांनी मनसुबा केला की रथांस घर पाहिजे, आणि तांबड्या रथाचे अंग स्वहस्ते मोजिले, आणि गवंड्यास हुकूम फर्माविला की नेमकी एवढीच शाळा बांधावी, बोटभर जागा वाया जाऊ नये. शाळा उभी राहिली, मुहूर्त धरिला, नारळ फुटला, आणि राजे रथात विराजमान होऊन, मागून चौघे ढकलीत असता, आत प्रवेशते जाहले. मग उतरू गेले तो दार उघडेना, कारण की दाराने उघडावे तर भिंत आड आली. राजे दुसऱ्या बाजूस सरकले, तिकडेही भिंत. बाहेर मंडळी पेढे हाती घेऊन खोळंबली, आणि आतून राजांचा आवाज येऊ लागला, “कोणी पाना घेऊन या!” मग मागील काच काढविली, आणि राजे त्या वाटे, पाय आधी आणि मुखकमल मागाहून, ऐसे बाहेर प्रकटले. पेढे वाटले गेले, परंतु खाताना कोणी कोणाकडे पाहिले नाही.

ती शाळा पाडविली आणि दुसरी मसलत बसली. दिवाण विसाजीपंत म्हणजे राजे पूर्व म्हणतील तर आपली मान पूर्वेकडे आधी वळविणारे. ते हात जोडून बोलिले, “महाराज, आज रथ तीन आहेत, उद्या सहा होतील. सहांची बांधावी.” राजांस हे बोलणे बहुत गोड लागले, आणि राजे फक्कीचे टोपले घेऊन परसात उतरले, आणि जमिनीवर पांढरी रेघ मारिली. मग वाटले, भिंतीशी हत्यारांचे कपाट पाहिजे, तर रेघ हातभर पुढे घ्यावी. मग वाटले, कपाट उघडावयास जागा पाहिजे, आणिक हातभर. मग कपाटापुढे स्टूल, मग स्टुलावरून उठावयास जागा, ऐसे करता करता रेघ स्वयंपाकघराच्या पायरीस येऊन टेकली. तेथे राणीसाहेब मैनावतीबाई तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी रेघेकडे पाहिले, राजांकडे पाहिले, आणि पुन्हा तांदळात दृष्टी घातली. राजे समजले, संमती जाहली. येथेच राजे चुकले.

दुसरे दिवशी गवंडी फावडी घेऊन आले तो काय पाहतात, रेघेच्या आत सगळीकडे जुनी लुगडी पसरिली आहेत आणि त्यांवर पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, ऐसे वर्षाचे वाळवण ऊन खात पडिले आहे. गवंडी जागच्या जागी थबकले. त्या राज्यी वाघाच्या तोंडी हात घालीन म्हणणारे सरदार पुष्कळ, परंतु वाळवणात पाय घालील ऐसा एक नव्हता. ऐसा वेढा पडिला, आणि वाळवण वाळले की त्या जागी दुसरे येई, आणि काम तसूभर सरकेना. मग राजांनी विसाजीपंतांस वकिलीस धाडिले. पंत आत गेले ते बराच वेळ आलेच ना, आणि आले तेव्हा हाती तळलेली कुरडई आणि तोंडातही कुरडई. म्हणाले, “महाराज, बाईसाहेबांचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नाही.” राजांनी ओळखिले, वकील फितला. मग राजे खासा निघाले.

राजे म्हणाले, “बाईसाहेब, आपणांस जागेचा इतका लोभ?” तेव्हा राणीसाहेबांनी झारा खाली ठेविला आणि बोलिल्या, “जागा घ्या हो, जागेचे काय एवढे! लग्न होऊन आले तेव्हा आपण म्हणालात, हा तांबडा दिवाळीपर्यंत उभा करतो आणि तुम्हांस यातून माहेरी नेतो. त्यानंतर किती दिवाळ्या गेल्या? दर खेपेस एस.टी.ने जाते, पिशवी मांडीवर घेऊन. तिघांची शाळा बांधाल तर तीन खोललेले पडतील, सहांची बांधाल तर सहा. आधी एक चालता करून दाखवा, मग म्हणाल तेथवर फक्की ओता.” दिवाणांस वाटले, आता राजे संतापतील. परंतु राजांस लाज वाटली, आणि बहुत वाटली, कारण की दिवाळीचे ते बोलणे राजांच्या स्मरणातूनही गेले होते, आणि बाईंच्या स्मरणात ते इतके दिवस एकटे राहिले होते.

मग राजांनी बाह्या सरसाविल्या. तांबड्या रथास हवे ते मिळेना, म्हणोन काळ्याचा रेडिएटर काढिला, बिनरंगी रथाचा गिअरबॉक्स काढिला, आणि काढिताना राजांचे डोळे भरून आले, कारण की त्या दोघांसही कधीतरी पळवू, ऐसे राजांनी मनोमन धरिले होते. उरलेले सांगाडे भंगारात गेले तेव्हा राजे फाटकापर्यंत पोचवावयास गेले. आणि वैशाखात एके सकाळी तांबडा रथ खोकला, शिंकला आणि गुरगुरू लागला, आणि राणीसाहेब पापडाचे पीठ हातास तसेच ठेवून धावत बाहेर आल्या.

मग उभयता माहेरच्या वाटेस लागली. घाट लागला तो रथ धापा टाकू लागला, आणि राजे घामाघूम, तो राणीसाहेब खिडकीबाहेर पाहत सहज बोलिल्या, “दुसऱ्यात घ्या ना. इंजिन रडते आहे.” राजांनी गिअर दुसऱ्यात टाकिला, रथ निमूट चढला, आणि राजे चकित जाहले, परंतु मानी पुरुष, पुसले नाही. माहेरी पोचले, गूळपाणी जाहले, आणि पाहतात तो राणीसाहेब दिसेनात. राजे शोधीत गोठ्यात गेले. तेथे कडब्याआड राणीसाहेबांच्या कैलासवासी वडिलांची जुनी जीप उभी होती. तिच्या मागील बाकावर कोंबडी अंडी उबवीत होती, आणि पुढे स्टीअरिंगच्या चक्रावर हात ठेवून राणीसाहेब बसल्या होत्या. मेहुणे दारातून म्हणाले, “ताई, उतर, कपडे खराब होतील. पुढल्या बाजारी भंगारवाला येऊन नेतोय ती.” राणीसाहेब उतरल्या नाहीत. दरबारी भाषा गळून पडली आणि म्हणाल्या, “अहो, ही मी नेणार. आबांनी मला हिच्यावर शिकवलं, नदीच्या वाळूत. मी पंक्चर काढायचे, प्लग साफ करायचे.” राजे म्हणाले, “हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!” त्यावर राणीसाहेब म्हणाल्या, “तुम्ही कधी विचारलंत?” इतकी वर्षे परसात एकटे बसून नटबोल्टांशी झुंजलो, आणि ज्यास हाक मारावी ते माणूस भिंतीपलीकडे तांदूळ निवडीत होते, हे राजांच्या काळजास लागले. मग राजे मेहुण्यांकडे वळून इतकेच म्हणाले, “गावात टेंपो कोणाचा आहे?” कोंबडीची समजूत काढून तिला पाटीत बसविली, जीप टेंपोत चढविली, आणि स्वारी परतली.

मग परसात दोन्ही वाहने शेजारी उभी केली, सगळी दारे सताड उघडिली, दोन्ही बॉनेटे वर केली, आणि राजांनी फक्कीचे टोपले राणीसाहेबांच्या हाती दिले. त्या भोवती चालल्या. जेथे कोपर अडे तेथे बाहेरून गेल्या, जेथे वाकून पाहावे लागे तेथे वाकून पाहिले, दोहोंच्या मध्ये एक माणूस निजून खाली सरकेल इतके अंतर राखिले, आणि वाळवणाचे अंगण निम्मे ठेविले, निम्मे आपण होऊन सोडिले. विसाजीपंत म्हणाले, “हेच माप माझ्या मनात पहिल्यापासून होते.”

एवंच, शाळा लांबी सोळा हात, रुंदी पंधरा हात, रथ दोन, तिसरा आणू नये ऐसा उभयतांचा करार. तांबडा चालता आहे. जीप सांप्रत खोलली आहे. राणीसाहेब तिच्याखाली निजून काम पाहतात, राजे बॅटरी धरून उकिडवे बसतात, आणि उजेड हलला म्हणजे बोलणी खातात. राजे सुखी आहेत.